मेमरी कार्ड लवकर रिकामं कसं करायचं: वेग कुठे अडतोय ते आधी शोधा, मग पैसे काढा

लग्नसराईत फोटोग्राफरचं काम अक्षता पडल्या की संपत नाही. हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात सगळं आटोपून घरी यावं तर चार-पाच कार्डं भरलेली असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं कार्य असतं आणि वापरायची कार्डंही तीच असतात. अशा वेळी कॉपीच्या खिडकीत तास-दीड तास शिल्लक दिसला की पहिला संशय कार्डावर जातो. दुकानदारही तेच सांगतो, की जास्त स्पीडचं कार्ड घ्या. महागडं कार्ड येतं आणि कॉपीला वेळ मात्र पहिल्याइतकाच लागतो.

याचं कारण असं की कार्डातून निघालेला फोटो डिस्कवर पोचेपर्यंत रीडर, केबल आणि कॉम्प्युटरचा पोर्ट यांतून जातो, आणि हे सगळं हाकणारं एखादं सॉफ्टवेअर वर असतं. यातलं जे सर्वांत हळू असेल, त्याचाच वेग सगळ्यांना मिळतो. घाटात पुढे माल भरलेला ट्रक असला की मागच्या गाडीचं इंजिन किती दमदार आहे याला काही अर्थ उरत नाही. म्हणून आधी आपला ट्रक कोणता ते शोधायचं. बहुतेक वेळा तो कार्ड नसतो. रीडर, पोर्ट किंवा ज्या डिस्कवर फोटो टाकतो ती डिस्क, यांपैकीच काहीतरी निघतं.

आधी मोजा

अंदाजाने काहीही बदलू नका. कार्डावरचं साधारण १० जीबीचं फोटोंचं फोल्डर घ्या, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि ते कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर कॉपी करा. १०,००० ला लागलेल्या सेकंदांनी भागलं की सेकंदाला किती एमबी येतात ते कळतं. मग कार्ड बाहेर काढा, परत घाला आणि तेच फोल्डर तुमच्या नेहमीच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाका. मध्ये कार्ड काढून घालणं विसरू नका. नाहीतर नुकत्याच वाचलेल्या फाइली कॉम्प्युटर रॅममधूनच पुरवतो आणि दुसरा आकडा फसवा, उगाच चांगला येतो.

आता पहिल्या आकड्याकडे बघा. तो ३० ते ४० च्या दरम्यान असेल तर वाटेत कुठेतरी यूएसबी २.० ही जुनी, हळू जोडणी आहे, असं जवळपास डोळे मिटून सांगता येतं. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी. पण प्रत्यक्षात हातात ३०-४० च पडतात. आकडा ८० ते ९५ असेल तर तुम्ही यूएचएस-१ या प्रकारच्या कार्डाच्या किंवा रीडरच्या मर्यादेला टेकला आहात. २०-२५ वर अडकला असेल तर कार्ड किंवा रीडर फार जुना आहे, कारण एसडीची जुनी 'हाय स्पीड' पद्धत २५ एमबीवर संपते. २०० च्या वर असेल तर यंत्रसामग्रीत फारसं काही करायला नको; सॉफ्टवेअरच्या भागाकडे जा. आणि आतल्या डिस्कवर आकडा चांगला, पण बाहेरच्या डिस्कवर कॉपी करताना निम्म्यावर येत असेल तर दोष त्या डिस्कचा.

हे आकडे वेळेत बदलून बघितले की त्यांचं वजन कळतं. ६४ जीबीचं भरलेलं कार्ड सेकंदाला ३५ एमबीने रिकामं व्हायला अर्धा तास लागतो. ९० ने १२ मिनिटं, २५० ने सव्वाचार. चार कार्डं असतील तर हाच फरक दोन तास आणि १७ मिनिटं असा होतो.

विंडोजच्या कॉपीच्या खिडकीत 'मोअर डिटेल्स' उघडलं की हिरवा आलेख दिसतो, तोही वाचायला शिका. पहिल्यापासून शेवटपर्यंत सपाट, उदाहरणार्थ ३६-३७ वर आडवी रेघ असेल, तर अडचण कार्डापासून पोर्टपर्यंतच्या भागात आहे. सुरुवातीला उंच जाऊन काही सेकंदांनी धाडकन खाली येऊन स्थिरावत असेल, तर फोटो येतायत वेगाने, पण डिस्कला ते लिहून होत नाहीत. आणि आलेख करवतीसारखा वर-खाली होत मधूनच शून्याला टेकत असेल तर डिस्क दमतेय किंवा कार्ड आजारी आहे. ते कसं ओळखायचं ते पुढे येईलच.

रीडर: बहुतेकांचा वेग इथेच अडतो

सुरुवात एका सवयीपासून करू. कॅमेरा केबलने थेट कॉम्प्युटरला जोडायचा आणि फोटो घ्यायचे, हे बरेच जण करतात, कारण केबल कॅमेऱ्याच्या खोक्यातच आलेली असते. कॅनन १५००डी किंवा निकॉन डी५६०० यांसारख्या कॅमेऱ्यांचा पोर्ट यूएसबी २.० चा आहे. त्यात कितीही भारी कार्ड घाला, ३०-४० च्या वर जाणं नाही. शिवाय कॅमेऱ्याची बॅटरी खर्च होते आणि कॉपी चालू असताना ती संपली तर अर्धवट फाइली निस्तरत बसावं लागतं. महागड्या कॅमेऱ्यांचा पोर्ट वेगवान असतो हे खरं, पण तिथेही बहुतेक वेळा कॅमेरा कार्डासारखा ड्राइव्ह म्हणून उघडत नाही, त्याच्या वेगळ्या पद्धतीने एकेक फाइल मागवावी लागते. कार्ड काढून रीडरमध्ये घालणं जवळपास नेहमीच बरं.

लॅपटॉपमध्ये बाजूला असलेल्या खाचेवरही आंधळा विश्वास नको. कित्येक लॅपटॉपमध्ये ती आतून यूएसबी २.० च्याच मार्गावर जोडलेली असते आणि बाहेरून तसं कळायला काही मार्ग नसतो, मोजूनच कळतं. याला चांगला अपवाद म्हणजे २०२१ पासूनचे १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रो. त्यांची खाच यूएचएस-२ कार्ड सेकंदाला २५० एमबीपर्यंत वाचते.

आता कार्ड उलटं करा आणि मागचे सोनेरी संपर्क बघा. वरच्या कडेला एकच ओळ असेल तर ते यूएचएस-१. त्या ओळीखाली आणखी एक छोट्या संपर्कांची ओळ असेल तर ते यूएचएस-२. पुढच्या लेबलवर बारीक रोमन आकडा असतो तोही हेच सांगतो, पण लेबल घासलेलं असलं तरी मागची ओळ खोटं बोलत नाही. यूएचएस-१ ची अधिकृत मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे, हातात साधारण ९०-९५ येतात. यूएचएस-२ ची ३१२. चांगल्या कार्डातून २५० च्या पुढे मिळतात. ही जादा गती त्या दुसऱ्या ओळीतूनच येते. रीडरच्या खाचेत त्या ओळीला टेकणाऱ्या पिना नसतील तर तुमचं यूएचएस-२ कार्ड निमूटपणे यूएचएस-१ बनून चालतं. काही चुकतंय असा इशाराही येत नाही. भारी कार्ड आणि फुटपाथवरचा रीडर ही जोडी म्हणूनच सर्वांत जास्त पैसे वाया घालवते.

मग यूएचएस-१ च्या कार्डावर १७० किंवा २०० एमबी असं छापलेलं असतं ते काय? सॅनडिस्क एक्स्ट्रीम प्रो हे आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारं उदाहरण. मागे संपर्कांची एकच ओळ आणि पुढे ठळक २००. हा आकडा खोटा नाही, पण अर्धी गोष्ट आहे. एसडीच्या अधिकृत नियमांपलीकडची एक खास पद्धत वापरून कार्ड तेवढ्या वेगाने वाचलं जातं, आणि त्यासाठी ती पद्धत समजणारा रीडर लागतो. सॅनडिस्क स्वतः असे रीडर विकते. साध्या रीडरमध्ये हेच कार्ड ९० च्या घरात चालतं. गंमत अशी की नुसत्या यूएचएस-२ रीडरमध्ये घातलं तरी ते ९० च्याच घरात राहू शकतं, कारण यूएचएस-२ आणि ही खास पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याकडे अशी पाच-सहा कार्डं असतील तर नवीन कार्डं घेण्याआधी त्यांच्या जोडीचा रीडर घ्या. एका रीडरच्या किमतीत सगळ्या कार्डांचा वेग जवळपास दुप्पट होतो.

लेबलवरच्या बाकीच्या खुणांबद्दल थोडक्यात. यू३, व्ही३०, व्ही६०, व्ही९० हे आकडे लिहिण्याच्या किमान वेगाचे आहेत. व्हिडिओ करताना कार्ड दगा देणार नाही याची ती हमी. घरी येऊन फोटो उतरवायला त्यांचा संबंध नाही. ठळक छापलेला मोठा आकडा वाचण्याचा, आणि तोही 'इथपर्यंत' असा. ६३३एक्स, १०६६एक्स अशी खूण असेल तर एक्स म्हणजे १५० केबी, गुणून बघा.

मायक्रो एसडी वापरत असाल, म्हणजे ड्रोन किंवा ॲक्शन कॅमेरा असेल, तर कार्डासोबत मिळालेला प्लास्टिकचा अडॅप्टर सैल झालाय का ते पाहा. थेट मायक्रो एसडीची खाच असलेला रीडर त्यापेक्षा भरवशाचा. सीएफएक्स्प्रेस (महागड्या कॅमेऱ्यांतलं, एसडीहून वेगवान) कार्ड वापरणाऱ्यांनी एवढंच बघावं की रीडर सेकंदाला १० गिगाबिटचा तरी आहे. ही कार्डं एवढी वेगवान असतात की ५ गिगाबिटचा रीडर ४०० एमबीच्या आसपासच त्यांना रोखून धरतो.

पोर्ट आणि केबल

यूएसबी ३.० २००८ साली आलं. पुढे त्याचं नाव ३.१ जेन १ झालं, मग ३.२ जेन १ झालं. वेग तोच राहिला, ५ गिगाबिट. दुकानात खोक्यावर '३.२' वाचून खूश होऊ नका, जेन १ की जेन २ ते विचारा. एसडी कार्डांसाठी ५ गिगाबिट पुरेसे आहेत, कारण त्यातून प्रत्यक्ष ४०० एमबीच्या आसपास मिळतात आणि यूएचएस-२ कार्ड तिथवर पोचतच नाही. १० गिगाबिटची गरज सीएफएक्स्प्रेसला.

चौकोनी यूएसबी पोर्टात डोकावून बघा. आतली जीभ निळी असेल तर तो बहुधा ३.० चा, काळी किंवा पांढरी असेल तर २.० चा. सगळेच बनवणारे रंग पाळत नाहीत, तेव्हा शेजारी 'एसएस' ही खूण आहे का तेही बघा. रीडरच्या प्लगमध्येही फरक दिसतो. २.० च्या प्लगात चार संपर्क, ३.० च्या प्लगात त्या चारांच्या मागे आत आणखी पाच. या मांडणीमुळे एक मजेशीर अडचण येते. प्लग अगदी हळूहळू सरकवत घातला तर पुढचे चार आधी टेकतात आणि कॉम्प्युटर त्याला २.० चं उपकरण समजून बसतो. नेहमीचा वेग अचानक ३५ वर आला तर दुसरं काही करण्याआधी रीडर काढून एका दमात झटकन घाला.

डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट सोयीचे असतात, पण आतून ते मदरबोर्डला कोणत्या केबलने जोडले आहेत ते असेंबल करणाऱ्याच्या मनावर असतं. एकदा मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टात लावून मोजा. फरक पडला तर एक छोटी ३.० ची एक्स्टेंशन केबल टेबलावर कायमची काढून ठेवा.

टाइप-सी च्या बाबतीत घोळ वेगळा आहे. पोर्ट आणि प्लगचा आकार एकच, पण मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेल्या बहुतेक केबली डेटासाठी २.० च्याच असतात. रीडरबरोबर आलेली केबल हरवली आणि हाताला लागली ती चार्जिंगची केबल लावली, की वेग गेला. वेगवान केबल सापडली की तिला रंगीत टेप लावून ठेवा, म्हणजे घरातलं कोणी मोबाइल चार्ज करायला उचलून नेणार नाही. निदान परत तरी करेल.

पातळ लॅपटॉपला लावायचा तो हब, ज्यात एचडीएमआय, यूएसबी आणि कार्डाची खाच सगळंच असतं, तोही तपासा. हबमधली कार्डाची खाच अनेकदा साधी असते. त्याहून न सुचणारी गोष्ट म्हणजे त्याच हबवर मोठा ४के मॉनिटर लावला असेल तर काही हब टाइप-सी मधल्या वेगवान तारा सगळ्याच चित्रासाठी वापरतात आणि डेटाला फक्त यूएसबी २.० उरतं. मॉनिटरची केबल काढून एकदा कॉपी करून बघा. वेग वाढला तर रीडर लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टात थेट लावायचा.

जोडणी खरंच कोणत्या वेगाने झाली ते मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये यूएसबीच्या यादीत रीडरसमोर दिसतं. विंडोजवर त्यासाठी यूएसबी ट्री व्ह्यू नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. 'हाय स्पीड' लिहिलेलं दिसलं तर आनंद मानू नका, ते २.० चं नाव आहे, ३.० ला 'सुपर स्पीड' म्हणतात.

फोटो कुठे टाकता

स्टुडिओतल्या कामाची रीत साधारण अशी असते: कार्ड रीडरमध्ये, बाहेरची हार्ड डिस्क शेजारच्या पोर्टात, आणि कॉपी थेट त्या डिस्कवर. ही पोर्टेबल फिरती डिस्क नवी आणि रिकामी असताना सेकंदाला १००-१३० एमबी लिहिते. भरत आली की तिच्या आतल्या भागातल्या, कमी घेराच्या पट्ट्यांवर लिहावं लागतं आणि वेग उतरतो. शिवाय बऱ्याच स्वस्त पोर्टेबल डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यांच्यात डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे सलग खूप लिहायला लावलं की डिस्क आतल्या आत आवराआवर करत बसते आणि आलेख करवतीसारखा होतो. कार्ड निरोगी असूनही.

उपाय सोपा आहे. कार्डातून आधी कॉम्प्युटरच्या आतल्या एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर घ्या. साधी साटा एसएसडीही ५०० एमबीच्या आसपास लिहिते, म्हणजे कोणत्याही एसडी कार्डाला पुरून उरते. तिथून हार्ड डिस्कवरची कॉपी नंतर सावकाश लावून द्या. ती चालू असताना तुम्ही जेवून घ्या. एकूण वेळ कदाचित तेवढाच लागेल, पण कार्ड हातावेगळं होतं आणि तुम्ही खुर्चीला बांधलेले राहत नाही. यासाठी एसएसडीवर नेहमी दोन-तीनशे जीबी मोकळे ठेवायला लागतात. एसएसडी काठोकाठ भरलेली असेल तर तीही मंदावते, विशेषतः स्वस्तातली. अशा एसएसडीत थोडीशी जागा वेगवान लिखाणासाठी राखलेली असते. ती संपली की आलेख कोसळतो.

आतली एसएसडी लहान असेल तर बाहेरची छोटी एसएसडी घ्या. माझ्या मते खर्चाचा क्रम असा: आधी रीडर, मग एसएसडी, आणि कार्ड सगळ्यांत शेवटी.

फोल्डर कुठे आहे याकडेही लक्ष असू द्या. विंडोजमधलं 'पिक्चर्स' फोल्डर पुष्कळदा वनड्राइव्हला जोडलेलं असतं. तिथे लग्नाचे १५० जीबी टाकले की इकडे कॉपी आणि तिकडे अपलोड, दोन्ही एकदम सुरू होतं. डिस्क, इंटरनेट आणि डोकं तिन्ही गरम. फोटोंसाठी वेगळ्या ड्राइव्हवर, क्लाउडशी संबंध नसलेलं फोल्डर ठेवा. बाहेरच्या हार्ड डिस्कसाठी विंडोजमध्ये तिच्या प्रॉपर्टीजमधल्या 'पॉलिसीज'मध्ये 'बेटर परफॉर्मन्स' हा पर्याय असतो. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून मूळ सेटिंग 'क्विक रिमूव्हल' आहे, ते सुरक्षित पण थोडं हळू. बदलायचं असेल तर डिस्क दर वेळी 'इजेक्ट' करूनच काढायची शिस्त हवी. ती नसेल तर हात लावू नका.

सॉफ्टवेअर: कॉपी वेगळी, इंपोर्ट वेगळं

कार्ड घालून लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इंपोर्ट' दाबलं की तो फक्त कॉपी करत नाही. कॅटलॉगमध्ये नोंद करतो, प्रिव्ह्यू बनवतो, सांगितलं असेल तर नावं बदलतो, दुसरी प्रत काढतो. ही कामं प्रोसेसरची आहेत आणि तेवढा वेळ कार्ड रीडरमध्ये अडकून पडतं. त्यापेक्षा फाइल एक्स्प्लोररने किंवा मॅकच्या फाइंडरने सरळ फोल्डर कॉपी करा, कार्ड काढून घ्या, आणि मग लाइटरूमला ते फोल्डर दाखवून 'कॉपी'ऐवजी 'ॲड' निवडा. प्रिव्ह्यूमध्ये 'वन-टू-वन' न निवडता 'एम्बेडेड अँड साइडकार' निवडलं तर रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) कॅमेऱ्याने आधीच ठेवलेलं जेपीईजी चित्र तो वापरतो आणि निवड करायला लगेच बसता येतं. क्रिकेटच्या मैदानावरून मिनिटांत फोटो पाठवणारे वृत्तछायाचित्रकार फोटो मेकॅनिक हे सॉफ्टवेअर वापरतात, त्याच्या वेगाचं गुपितही हेच. शिवाय तो एका वेळी अनेक कार्डांवरून फोटो घेतो. पैसे पडतात, पण रोज हजारो फोटो निवडणाऱ्याला ते वसूल होतात.

कॉपी चालू असताना कार्डाचं फोल्डर मोठ्या चित्रांच्या रूपात उघडून फोटो चाळत बसू नका. प्रत्येक छोट्या चित्रासाठी विंडोज त्याच कार्डावरून वाचत असतो, म्हणजे तुमची कॉपी आणि तुमचं कुतूहल दोघं एकाच दारातून जायला बघतात. 'डिटेल्स' रूप ठेवा किंवा खिडकीच बंद करा. अँटिव्हायरस प्रत्येक फाइल तपासतो. फरक जाणवत असेल तर फक्त फोटोंचं फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळा. कार्ड वगळू नका, सायबर कॅफेत किंवा लॅबमध्ये फिरून आलेलं कार्ड तर मुळीच नाही. लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या, बॅटरीवर तो वीज वाचवायला हात आखडता घेतो.

'कट-पेस्ट' नको. मध्येच वीज गेली किंवा रीडर हलला तर कोणते फोटो इकडे आले आणि कोणते तिकडे राहिले याचा हिशेब लावत बसावं लागतं. 'इंपोर्ट झाल्यावर कार्डातून डिलीट करा' हा पर्यायही त्याच कारणाने बंद ठेवा.

चार कार्डं एकदम?

दोन रीडर, दोन वेगळे पोर्ट आणि लिहायला एसएसडी असेल तर दोन कार्डं एकदम लावा, वेळ जवळपास निम्मा होतो. फोटो साध्या हार्ड डिस्कवर जात असतील तर मात्र एका वेळी एकच. डिस्कचं डोकं दोन ठिकाणी धावत लिहितं आणि दोन्ही कॉप्या मिळून एकामागून एक केल्या असत्या त्यापेक्षा जास्त वेळ घेतात. दोन्ही रीडर एकाच हबवर लावले तर वेग वाटला जातो. ५ गिगाबिटच्या हबवर दोन यूएचएस-१ कार्डं सहज मावतात, दोन यूएचएस-२ मात्र पूर्ण वेगाने मावत नाहीत.

कॉपी करायचंच कमी करा

याचा विचार फार कमी जण करतात. रॉ आणि जेपीईजी दोन्ही एकाच कार्डावर घेत असाल आणि जेपीईजी कधी उघडतच नसाल, तर ते बंद करा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोमागे सात-आठ एमबी तरी वाचतात. कॅननच्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत सी-रॉ हा पर्याय आहे, त्यातली फाइल साधारण ४० टक्के लहान होते. लग्नाच्या कामाला त्यात काही कमी पडत नाही. निकॉनमध्ये रॉ 'लॉसलेस कंप्रेस्ड'वर ठेवा. दोन खाचांचा कॅमेरा असेल आणि रात्रीच घरच्यांना चार फोटो पाठवायचे असतील, तर एका कार्डावर रॉ आणि दुसऱ्यावर जेपीईजी घ्या. त्या रात्री छोटं जेपीईजीचं कार्ड तेवढं उतरवायचं, रॉचं काम सकाळी. सोनी ए७-३ वाल्यांनी ध्यानात ठेवावं की त्यांच्या दोन खाचांपैकी एकच यूएचएस-२ आहे.

कार्डच दोषी असेल तर

सगळं तपासून झालं, दुसऱ्याचं कार्ड त्याच रीडरमध्ये पळतं आणि तुमचं रखडतं, तर मग कार्डाकडे बघा. आधी संपर्क पुसा: कोरडं मऊ कापड, नाहीतर इअरबडच्या टोकाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, आणि पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत ही पुटं लवकर चढतात. रीडरच्या खाचेतली धूळ ब्लोअरने उडवा, तोंडाने फुंकू नका.

कॉपी नेमक्या त्याच-त्याच फाइलींपाशी थबकत असेल तर तो वेगाचा प्रश्न नाही, कार्ड मरणपंथाला लागलंय. जे निघतंय ते काढून घ्या, राहिलेल्यासाठी रिकव्हरी सॉफ्टवेअर लावा, आणि त्यावर पुन्हा एकही फोटो काढू नका.

नवीनच कार्ड हळू असेल तर नकली असण्याची शक्यता धरा. एच२टेस्टडब्ल्यू हे विंडोजचं फुकट सॉफ्टवेअर रिकामं कार्ड पूर्ण भरून परत वाचतं आणि खरी जागा व वेग दोन्ही सांगतं; मॅकवर त्यासाठी एफ३ आहे. तपासाला वेळ लागतो, पण तो कार्ड परत करायची मुदत संपायच्या आत काढा. १२८ जीबीच्या कार्डाची जागा विंडोज ११९ जीबी दाखवत असेल तर ती फसवणूक नव्हे, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

खात्री, मगच फॉरमॅट

वेगाच्या नादात ही पायरी गाळली जाते. कॉपी झाल्यावर कार्डाच्या आणि डिस्कच्या फोल्डरवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा; फाइलींची संख्या आणि बाइटमधला आकार तंतोतंत जुळला पाहिजे. याहून पक्कं हवं असेल तर विंडोजवर टेराकॉपी वापरा, त्यात कॉपीनंतर प्रत्येक फाइल परत वाचून पडताळायची सोय आहे. डिस्कवरून परत वाचण्याचा वेळ वाढतो, पण तो एसएसडीवर फार नसतो. वर वाचवलेल्या वेळातून एवढा खर्च करायला हरकत नाही. मॅकवर हेच काम ऑफशूट करतं, विकत घ्यावं लागतं.

कार्ड रीडरमध्ये घालण्याआधी बाजूची लॉकची खिटी खाली सरकवण्याची सवय लावा. वाचण्याच्या वेगावर परिणाम होत नाही, पण झोपेत चुकून काही डिलीट होत नाही आणि कॉम्प्युटर आपल्या लपलेल्या फाइली कार्डावर टाकत नाही. फोटो दोन वेगवेगळ्या डिस्कांवर पोचले, पडताळून झाले, की खिटी वर करा आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नव्हे. भरलेली आणि रिकामी कार्डं एकाच डबीत असतील तर भरलेली उलटी ठेवा, संपर्क वर.